थ्रेड : एक लाख रुपये सर्वांना पाठ, बिशप मात्र कुणालाच आठवत नाही

१८१३ च्या सनदी कायद्यातील एक लाख रुपये ठाऊक नाहीत असा इतिहासाचा विद्यार्थी महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात ते आहेत. मात्र त्याच कायद्यात, त्या प्रसिद्ध कलमापासून मोजकी कलमे पुढे, आणखी एक तरतूद आहे आणि ती सहसा कुणी वाचत नाही. इंग्लंडच्या राजाने हिंदुस्थानासाठी एक बिशप व तीन आर्चडीकन नेमले, तर त्यांचा पगार ईस्ट इंडिया कंपनीने येथील महसुलातून द्यावा, असे ती सांगते. आजचा थ्रेड या दुसऱ्या तरतुदीविषयी आणि तिच्या आधारे कलकत्त्यास आलेले पहिले अँग्लिकन बिशप टॉमस फॅन्शॉ मिडल्टन यांच्याविषयी आहे.

थ्रेड लांब आहे, मित्रहो. सवडीने वाचावा.

आधी हिशेब पाहू, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म हिशेबातच आहे. बिशपचा वार्षिक पगार ५,००० पौंड. कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालील वरिष्ठ धर्माधिकारी, यांना प्रत्येकी २,००० पौंड. एकूण ११,००० पौंड. दोन शिलिंगांना एक रुपया असा ढोबळ दर धरला, तर ही रक्कम एक लाख दहा हजार रुपये होते. म्हणजे कंपनीच्या मुलखातील कोट्यवधी प्रजेच्या शिक्षणासाठी जेवढी रक्कम संसदेने सांगितली, तिच्याहून थोडी अधिकच रक्कम चार धर्माधिकाऱ्यांच्या पगारासाठी बांधून दिली.

फरक एवढ्यावरच थांबत नाही. शिक्षणाचे लाख रुपये सर्व खर्च भागून जी शिल्लक उरेल तिच्यातून द्यायचे होते. बिशपच्या पगाराला अशी अट नव्हती. शिक्षणाच्या रकमेचा व्यवस्थित विनियोग करण्यासाठी कलकत्त्यात समिती नेमली गेली ती १८२३ साली. बिशप मात्र १८१४ सालीच हजर झाले. एकाच कायद्यातील दोन कलमे. एकाला दहा वर्षे लागली, दुसऱ्याला एक.

यावरून दोन सोपे निष्कर्ष काढता येतात आणि समाजमाध्यमांवर ते रोज काढले जातात. पहिला असा की १८१३ चा कायदा म्हणजे धर्मांतराचा सरकारी कारखाना आणि बिशप त्याचा व्यवस्थापक. दुसरा असा की बिशप, मिशनरी आणि शाळा हे सारे एकच होते आणि त्यांनी आपल्याला आधुनिक केले. मला हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे वाटतात, आणि दोन्हींचे मूळ एकच आहे. बिशप आणि मिशनरी यांतला भेद दोन्ही पक्षांना दिसत नाही. मिडल्टन यांनी हिंदुस्थानात जे उभारले ते प्रामुख्याने एक कार्यालय होते. त्या कार्यालयाच्या मूळ सनदेत भारतीय माणसाला जागाच नव्हती. त्यामुळे त्यांच्यावर धर्मांतराचा आरोप ठेवणे मला दुबळे वाटते. हिशेबाचा आरोप त्याहून कितीतरी भारी आहे.

मुळात बिशप लागतो कशाला? अँग्लिकन व्यवस्थेत तीन कामे बिशपवाचून होत नाहीत. नव्या धर्मगुरूला दीक्षा तोच देतो, बाप्तिस्मा झालेल्या मुलांचे दृढीकरण तोच हात ठेवून करतो आणि चर्चच्या वास्तूचा समर्पणविधीही तोच करतो. बिशप नसलेल्या प्रांतात धर्मगुरू बाहेरून मागवावे लागतात आणि चर्च बांधले तरी विधीच्या दृष्टीने अपुरे राहते.

मुंबईचेच उदाहरण घ्या. फोर्टमधील सेंट टॉमस चर्चचे काम गव्हर्नर जेराल्ड आँजियर यांच्या काळात सुरू झाले, रखडले आणि अखेर १७१८ च्या नाताळात तेथे उपासना सुरू झाली. ज्या तटबंदीच्या दरवाजातून या चर्चकडे जाता येई, तो चर्चगेट. आपण रोज ज्या स्टेशनचे नाव घेतो त्याचा उगम हाच. तर या चर्चमध्ये जवळजवळ शतकभर लग्ने लागली, बाप्तिस्मे झाले, गव्हर्नरांची दफने झाली. समर्पणविधी मात्र झाला तो १८१६ साली, मिडल्टन मुंबईत आले तेव्हा. गोव्यात पोर्तुगिजांचे बिशप सोळाव्या शतकापासून बसत होते. इंग्रजांना मुंबई मिळूनही दीडशे वर्षे उलटली होती, तरी बिशपची निकड कुणाला भासली नव्हती.

निकड भासली नाही, यापेक्षा भीती वाटली असे म्हणणे अधिक योग्य. कंपनी हा व्यापार होता आणि व्यापाराला धर्माचा गोंगाट परवडत नाही. १८०६ च्या वेल्लोरच्या उठावाने ही भीती पक्की केली. शिपायांच्या पोशाखावरून व कपाळावरील गंधावरून तो भडका उडाला होता; लंडनमधील कंपनीच्या अनेक धुरिणांनी त्याचे खापर मिशनऱ्यांवर फोडले. क्लॉडियस ब्युकॅनन या कंपनीच्याच पाद्र्याने १८०५ साली हिंदुस्थानात रीतसर चर्चव्यवस्था हवी असे पुस्तक लिहिले होते. त्यावरही पुष्कळ आरडाओरड झाली. विल्यम केरी यांना डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपुरात आश्रय घ्यावा लागला तो याच धोरणामुळे. (याच श्रीरामपुराहून १८०५ साली केरींचे मराठी व्याकरण आले, हे जाता जाता सांगून ठेवतो.) १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा सरकारने त्यांना परत पाठवण्याचा हुकूम काढला होता. म्हणजे लंडनमध्ये बिशपच्या पदावर चर्चा चालू असताना मुंबईत मिशनऱ्यांना हाकलण्याची तयारी चालू होती. या दोन गोष्टी एकाच यंत्रणेचे दोन हात होत्या असे मानणाऱ्यांनी एवढ्याचे उत्तर द्यावे.

मिडल्टन यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली ८ मे १८१४ रोजी, लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यातील खाजगी प्रार्थनागृहात. समारंभ मुद्दाम गाजावाजा न करता उरकला. त्या प्रसंगीचे प्रवचन छापण्याची प्रथा होती; तेही छापू दिले नाही. हिंदुस्थानात बातमी पोहोचून काही अनर्थ होईल अशी धास्ती होती. प्रत्यक्षात २८ नोव्हेंबर १८१४ रोजी बिशप कलकत्त्यास उतरले आणि काहीही घडले नाही. बंगालच्या लोकांनी त्यांची दखलही घेतली नाही. ज्या साम्राज्याला आपल्या बिशपची एवढी भीती वाटत होती, त्याला आपल्या प्रजेची ओळख किती होती, हे यातून दिसते.

मिडल्टन हे स्वभावाने विद्वान आणि काटेकोर. शाळेत ते कवी कोलरिज यांच्या पुढच्या वर्गात होते. ग्रीक भाषेतील उपपदावर त्यांनी एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. ज्या माणसाने एका उपपदावर ग्रंथ लिहिला, तो राजसनदेतील प्रत्येक शब्दाला किती चिकटून राहील याची कल्पना करा. पुढील आठ वर्षांचे त्यांचे यश आणि अपयश या एका गुणातून निघाले आहे.

त्यांचा धर्मप्रांत म्हणजे कंपनीच्या ताब्यातील सारा हिंदुस्थान. (पुढे १८२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, न्यू साउथ वेल्सही कलकत्त्याच्या बिशपच्या अखत्यारीत घातले गेले! नकाशा समोर ठेवून पाहा.) हाताखाली मोजके चॅप्लेन, म्हणजे कंपनीच्या पगारावर छावण्यांत व ठाण्यांत नेमलेले पाद्री. या चॅप्लेनांच्या नेमणुका व बदल्या गव्हर्नर करत. बिशपला शिस्तीचा अधिकार होता, पण माणूस कुठे ठेवायचा हे ठरवण्याचा नव्हता. प्रत्येक सरकारी खात्यात दिसणारा हा पेच आहे: जबाबदारी एकाकडे, बदलीचा शिक्का दुसऱ्याकडे. मिडल्टन यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग या पत्रव्यवहारात गेला.

ज्या जहाजाने ते आले त्याच जहाजाने जेम्स ब्राइस नावाचे स्कॉटिश चर्चचे पहिले चॅप्लेनही आले होते. स्कॉटिश चर्च बिशप ही संस्थाच मानत नाही. दोघांचे पुढे बिनसले. कलकत्त्यात स्कॉटिश लोकांनी सेंट अँड्र्यूज चर्च बांधायला घेतले, तेव्हा उंच मनोरा उभारण्याचा मान फक्त इंग्लंडच्या चर्चचा, अशी हरकत मिडल्टन यांनी घेतल्याची आख्यायिका आहे. ब्राइस यांनी मनोरा तर बांधलाच. त्यावर बिशपच्या नाकावर टिच्चून आरवणारा कोंबडाही बसवीन, असे म्हटल्याचे सांगतात. १८१८ साली ते चर्च खुले झाले आणि मनोऱ्यावर वातकुक्कुट बसला. आख्यायिकेतील संवाद किती खरे ते सोडून द्या. मनोऱ्यासाठी भांडणारी ही माणसे एकमेकांशी भांडत होती. भोवतालची कलकत्ता नगरी त्यांच्या भांडणात कुठेच नव्हती, एवढे मात्र खरे.

आता मिशनरी. चर्च मिशनरी सोसायटीसारख्या संस्थांनी पाठवलेले इंग्लिश धर्मगुरू हिंदुस्थानात होते. ते बिशपच्या अधिकारात येतात की नाहीत? सनदेत याचा उल्लेख नव्हता. यांना एक तर परवाना द्यावा लागेल, नाही तर गप्प बसवावे लागेल, अशा अर्थाचे त्यांचे प्रसिद्ध उद्गार आहेत. शेवटी त्यांनी दोन्ही केले नाही. शब्दाला शब्द जुळेना म्हणून ते थांबले.

आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा दीक्षेचा. सनद ब्रिटिश प्रजाजनांविषयी बोलत होती. दीक्षा घेणाऱ्याने इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणे आवश्यक होते. मग एखाद्या भारतीय ख्रिस्ती माणसाला धर्मगुरूपदाची दीक्षा देता येईल का? मिडल्टन यांचे उत्तर होते : नाही. आपल्याला तसा अधिकार नाही. आणि त्यांनी आपल्या साऱ्या कारकिर्दीत एकाही भारतीयाला दीक्षा दिली नाही.

हे उत्तर किती विलक्षण आहे ते समजण्यासाठी दक्षिणेकडे पाहावे लागते. तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीतील लुथरन मिशनऱ्यांनी आरोन या तमिळ माणसाला १७३३ सालीच दीक्षा दिली होती. तंजावर भागात काम करणारे श्वार्ट्झ हेही लुथरनच, पण त्यांना पैसा पुरवत होती इंग्लंडची एक अँग्लिकन संस्था. श्वार्ट्झ म्हणजे तंजावरचे आपले सरफोजीराजे ज्यांना पितृस्थानी मानत ते. तंजावरच्या चर्चमध्ये सरफोजींनी त्यांचे संगमरवरी स्मारक बसवले आहे. या मिशनच्या आश्रयाने सत्यनादन यांना १७९० साली लुथरन पद्धतीने दीक्षा मिळाली. मिडल्टन १८१६ साली तंजावरला गेले, सरफोजींना भेटले, तेथील तमिळ मंडळ्या पाहिल्या. म्हणजे भारतीय धर्मगुरू असू शकतो हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. बिशप नसताना जे होत होते, ते बिशप आल्यावर अडले.

कुणी म्हणेल, बिचाऱ्याचे हात कायद्याने बांधले होते. हा युक्तिवाद मी अर्धाच मान्य करतो. हात बांधले होते हे खरे. पण चॅप्लेनांवरील अधिकारासाठी त्यांनी जी चिकाटी दाखवली, ती या प्रश्नावर तेवढ्या तीव्रतेने दिसत नाही. माणूस कोणत्या बंधनाविरुद्ध अधिक आवाज उठवतो यावरून त्याचा प्राधान्यक्रम कळतो. दुसरीकडे, ज्यांना या बिशपमध्ये धर्मांतराचा सेनापती दिसतो त्यांनी हे सांगावे, की जो सेनापती स्थानिक माणसाला शिपाई म्हणूनही भरती करू शकत नाही, तो कसला सेनापती?

मात्र मिडल्टन यांच्या खात्यावर एक मोठी जमा आहे आणि ती नाकारणे अन्याय होईल. १८१८ साली त्यांनी कलकत्त्याजवळ एक महाविद्यालय काढण्याची योजना मांडली. उद्दिष्टे चार. देशी व इतर ख्रिस्ती तरुणांना उपदेशक व शिक्षक म्हणून तयार करणे. हिंदू व मुसलमान विद्यार्थ्यांना इंग्रजी व उपयुक्त विद्या शिकवणे, आणि तेही केवळ ऐहिक लाभासाठी. बायबल व प्रार्थनाग्रंथांची भाषांतरे करणे. आणि नव्याने येणाऱ्या इंग्लिश मिशनऱ्यांना येथील भाषा शिकवणे. हेच बिशप्स कॉलेज. मोठ्या धर्मसंस्थांनी प्रत्येकी ५,००० पौंड दिले. राजाच्या आज्ञापत्राने इंग्लंडभर चर्चमध्ये वर्गणी गोळा झाली. ती सुमारे ४५,००० पौंडांची. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्या सरकारने हुगळीच्या पश्चिम तीरावर शिबपूर येथे, कंपनीच्या वनस्पती उद्यानाला लागून, जमीन दिली. १५ डिसेंबर १८२० रोजी पायाभरणी झाली.

पहिले उद्दिष्ट पुन्हा वाचा. ज्या बिशपला भारतीयाला दीक्षा देता येत नव्हती, तोच भारतीय तरुणांना धर्मकार्यासाठी तयार करणारे कॉलेज बांधत होता. मला हा विरोधाभास मिडल्टन यांच्या चरित्रातला सर्वांत माणसासारखा भाग वाटतो. सनदेतील शब्द बदलणे हाती नव्हते. ते बदलतील तेव्हा माणसे तयार असावीत, एवढी तजवीज ते करत होते. किंवा निदान तसे वाचता येते. त्यांच्या मनात नेमके काय होते हे त्यांच्या खाजगी कागदांतून कळले असते, पण मृत्युपत्रातील सूचनेप्रमाणे ते कागद नष्ट करण्यात आले. काटेकोर माणसाने इतिहासकारांसाठी दारही काटेकोरपणे बंद केले!

कॉलेजची तुलना मात्र शेजाऱ्यांशी करायलाच हवी. याच शहरात २० जानेवारी १८१७ रोजी हिंदू कॉलेज सुरू झाले होते आणि ते बंगाली भद्रलोकांनी स्वतःच्या वर्गणीतून उभारले होते. १८१८ साली श्रीरामपुरात केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेज काढले. तीन संस्था, चार वर्षे, हुगळीच्या काठची काही मैलांची पट्टी. हिंदू कॉलेजात मुले मावेनाशी झाली. बिशप्स कॉलेजची गॉथिक इमारत देखणी होती, प्राचार्य विल्यम हॉज मिल हे उत्तम संस्कृतज्ञ होते, पण विद्यार्थ्यांची संख्या फार वाढली नाही. विद्येची भूक नव्हती असे नाही. ती भागवण्यासाठी लोक कुणाच्या दारी जायला तयार होते, हा प्रश्न होता.

मुंबईत याच बिशपव्यवस्थेतून जे निघाले, ते मराठी वाचकाला अधिक जवळचे आहे. मिडल्टन यांच्या हाताखालचे मुंबईचे पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स. त्यांनी १८१५ साली गरीब युरोपियन व मिश्रवंशीय मुलांसाठी, विशेषतः सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी, एक शिक्षणसंस्था काढली. ती बॉम्बे एज्युकेशन सोसायटी. तिचे शिक्षण इंग्लंडच्या चर्चच्या तत्त्वांवर आधारलेले. तिच्या शाळांत देशी मुलेही येऊ लागली, तेव्हा अडचण उभी राहिली: चर्चच्या तत्त्वांवर चालणाऱ्या संस्थेने हिंदू, पारशी व मुसलमान मुलांना कसे शिकवावे? १८२० साली देशी शाळांसाठी वेगळी समिती नेमली गेली आणि १८२२ साली ती स्वतंत्र संस्था झाली. पुढे १८२७ पासून तिचे नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी. एल्फिन्स्टन तिचे अध्यक्ष, जगन्नाथ शंकरशेट तिच्या कारभारात, सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ तिच्या पुस्तकांत, बाळशास्त्री जांभेकर तिच्या सेवेत.

म्हणजे मराठी शालेय पुस्तकांच्या आरंभाचा एक धागा थेट एका अँग्लिकन आर्चडीकनच्या अनाथ मुलांच्या शाळेपर्यंत जातो. पण लक्षात घ्या, तो धागा फळाला आला तुटल्यावर. चर्चची चौकट जिथे संपली तिथून आपले काम सुरू झाले. मूळ संस्था आपल्या मुलांसाठी आपल्या वाटेने चालत राहिली. देवळालीची बार्न्स शाळा १९२५ पासून त्या आर्चडीकनचे नाव लावते.

मिडल्टन ८ जुलै १८२२ रोजी कलकत्त्यात वारले. ऊन लागल्याचे निमित्त झाले. कॉलेजची इमारत तेव्हा पुरी व्हायची होती. आपल्या ग्रंथसंग्रहातील पाचशे पुस्तके आणि ५०० पौंड त्यांनी कॉलेजला ठेवले. त्यांचे दफन सेंट जॉन्स चर्चमध्ये झाले, जे त्यांचे कॅथीड्रलही होते. त्या चर्चची जागा शोभाबाजारच्या महाराजा नवकृष्ण देव यांनी दिली होती. एका हिंदू राजाच्या जमिनीवर बसून हा बिशप आठ वर्षे ब्रिटिश प्रजाजन या शब्दांचा अर्थ लावत राहिला.

आणि मग, मृत्यूनंतर एका वर्षात, कायदा बदलला. १८२३ च्या कायद्याने कलकत्त्याच्या बिशपला स्थानिक लोकांना दीक्षा देण्याची मोकळीक मिळाली. ब्रिटिश प्रजाजन नसलेल्यांना राजनिष्ठेच्या शपथेची अट राहिली नाही. त्यांचे उत्तराधिकारी रेजिनल्ड हेबर यांनी १८२४ साली ख्रिश्चन डेव्हिड यांना दीक्षा दिली. हे तंजावरकडचे तमिळ, श्वार्ट्झ यांचे शिष्य, सिलोनमध्ये काम करणारे. हेबर यांचे नाव आज अधिक प्रसिद्ध आहे. त्यांचे प्रवासवर्णन आपल्याकडेही वाचले जाते, पुण्याच्या सेंट मेरीज चर्चचा १८२५ सालचा समर्पणविधी त्यांच्याच हातचा. ते मोकळ्या मनाचे होते हे खरे. पण मोकळे मन दाखवायला मोकळा कायदा हाताशी होता, हेही खरे.

शिबपूरच्या कॉलेजचे पुढे काय झाले? १८४४ साली तेथे मायकेल मधुसूदन दत्त दाखल झाले. ख्रिस्ती झाल्यामुळे हिंदू कॉलेजचे दार त्यांना बंद झाले होते. येथे ते ग्रीक व लॅटिन शिकले. ज्या अभिजात महाकाव्यांच्या ओळखीतून पुढे त्यांचे ‘मेघनादवध’ उभे राहिले, ती ओळख बऱ्याच अंशी या आवारातली. कृष्णमोहन बॅनर्जी १८५२ पासून येथे प्राध्यापक होते. धर्मगुरूंचा कारखाना म्हणून योजलेल्या वास्तूने बंगाली साहित्याला आपला पहिला आधुनिक महाकवी घडवायला मदत केली. हे मिडल्टन यांच्या चारही उद्दिष्टांत नव्हते. १८८० साली ती जागा सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे गेली आणि आज तेथे शिबपूरची राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्था आहे. बिशप्स कॉलेज कलकत्त्यात हलले. तेथे ते अजून धर्मशिक्षण देते.

आता पुन्हा हिशेबाकडे. १८३३ च्या कायद्याने बिशपांची संख्या वाढवली. मद्रासला १८३५ साली, मुंबईला १८३७ साली स्वतंत्र बिशप मिळाले. मुंबईचे पहिले बिशप टॉमस कार. फोर्टमधील सेंट टॉमस तेव्हापासून कॅथीड्रल झाले. पगार अर्थातच येथील महसुलातून. रत्नागिरीच्या कुळाचा सारा आणि खानदेशातील शेतकऱ्याची पट्टी ज्या खजिन्यात जमा होई, त्याच खजिन्यातून राज्यकर्त्यांच्या चर्चचा खर्च निघे. कर देणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या चर्चचे दारही ठाऊक नव्हते. धर्मांतराच्या चर्चेत आपण इतके गुंततो की हा साधा, कागदोपत्री सिद्ध होणारा अन्याय बाजूला पडतो. कुणाचा धर्म बदलला याची मोजदाद आपण करतो. पैसा कुणाचा गेला, हे विचारत नाही.

भारतीय बिशप यायला १९१२ साल उजाडले. व्ही. एस. अझरिया, डोर्नकलचे. मिडल्टन यांच्या आगमनानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी. येथील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे व्हावे यासाठी मुंबईचे बिशप एडविन पामर यांनी पुढाकार घेतला. १९२७ चा कायदा झाला आणि १९३० साली ते वेगळे झाले. मिडल्टन यांना जे कार्यालय मिळाले होते, ते अशा रीतीने एका इंग्लिश बिशपच्याच प्रयत्नांनी मोडले गेले.

खर्चाचे कलम मात्र मोडले नाही. १९३५ चा भारत सरकारचा कायदा उघडून पाहा. संरक्षण व परराष्ट्र व्यवहारांबरोबर चर्चविषयक बाबीही गव्हर्नर जनरलच्या राखीव अधिकारात आहेत. त्यांच्यासाठी, निवृत्तिवेतन सोडून, वर्षाला ४२ लाख रुपयांपर्यंतची रक्कम महसुलावर थेट भारित आहे, आणि तिच्यावर लोकप्रतिनिधींना मत देता येत नाही.